शेवाळाच्या गोळ्या घेताय? शुगर-बीपीवाल्यांनो, या चुका टाळा

स्पिरुलिना या शेवाळाच्या हिरव्या गोळ्या आता लातूर-परभणीतच काय, तालुक्याच्या गावीही घरपोच येतात. देणारा हमखास सांगतो, "शुगर मुळासकट जाते." जात नाही. छोट्या अभ्यासांत उपाशीपोटीची साखर आणि वरचं बीपी थोडंफार उतरलेलं दिसतं, एवढंच. तेवढ्या आधारावर चालू औषध सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

होतं असं, की गोळ्या सुरू करताना माणूस पथ्यही कडक पाळतो. चहातली साखर जाते, फिरणं सुरू होतं, रिपोर्ट बरा येतो आणि श्रेय मिळतं शेवाळाला. मग शुगरची रोजची गोळी मेटफॉर्मिन बंद. पुढे पथ्य ढिलं पडलं की साखर चढते, पण दुखत-खुपत काहीच नाही. डोळ्यांचं आणि किडनीचं नुकसान आत गुपचूप चालू राहतं. म्हणून गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांना ठरवू द्या, तेही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासून.

उलटी चूक एकादशीला होते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं, वर शेवाळ, आणि दिवसभर नुसत्या चहावर राहायचं. हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत तपासा, मग खाऊन घ्या. उपवासापेक्षा जीव मोठा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मे महिन्याच्या उन्हात उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? पाणी कमी, घाम जास्त, बीपीची गोळी चालू, त्यात शेवाळाची भर. पाच मिनिटं शांत बसून बीपी मोजा, मग उभं राहून मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि पापड-लोणचं-ठेचा तसाच चालू ठेवून शेवाळाकडून बीपीची अपेक्षा धरू नका. दिवसाला ५ ग्रॅम मीठ ही मर्यादा आहे.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. स्पिरुलिनात बी-१२ जीवनसत्त्व असल्याचं सांगितलं जातं, पण त्यातलं बहुतांश आपल्या शरीराला उपयोगी न पडणाऱ्या रूपातलं असतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ आधीच कमी होऊ शकतं. तळपायाला मुंग्या येत असतील तर ते शुगरचंच दुखणं समजून गप्प बसू नका, बी-१२ तपासून घ्या.

भूक मरते म्हणून रात्रीच्या भाकरीऐवजी चमचाभर पूड घेणारेही आहेत. तीन ग्रॅम पुडीत प्रथिनं दोन ग्रॅमच्या आसपासच. वाटीभर घट्ट वरणात त्याहून जास्त. पोटात फुगून भूक दाबणारा अल्जिनेट हा तंतू समुद्री तपकिरी शेवाळात असतो, स्पिरुलिनात नाही. त्या समुद्री शेवाळात आयोडीन भरपूर असतं, म्हणून थायरॉइडवाल्यांनी ते परस्पर घेऊ नये.

रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू असेल, किंवा ल्युपससारख्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) आजाराची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय कुठलंच शेवाळ नको. तळ्यावरचं हिरवं शेवाळ वाळवून खाण्याचा प्रयोग तर करूच नका, त्यात यकृत बिघडवणारं विष असू शकतं.

गोळ्यांनी शौचाला हिरवट रंग आला तर घाबरायचं कारण नाही. अंगावर पुरळ उठलं किंवा ओठ सुजले तर मात्र गोळ्या तिथेच थांबवा आणि डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा.