फ्रँचायझीचा करार संपला. आता काय काय करायचं?

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही सहा वर्षं एका आइस्क्रीम ब्रँडची फ्रँचायझी चालवली. करार संपला त्याच रात्री बोर्ड उतरवला, काचेवरचे स्टिकर खरवडून काढले आणि वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सोबत आमच्याच बिलाचा फोटो. बिलिंग मशीन अजून पहिल्या ओळीत जुन्या ब्रँडचं नाव छापत होतं. रोज शंभरेक बिलं आमच्या हातून जात होती, पण ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी करार काढा आणि शेवटची पानं शांतपणे वाचा. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२चा करार कायदा, १९९९चा ट्रेडमार्क कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, यांवरच सगळं ठरतं. नाव काढायला किती दिवस दिलेत, उरलेल्या मालाचं काय, डिपॉझिट कधी परत मिळणार, वाद झाला तर लवाद (कोर्टाऐवजी निवाडा करणारा पंच) कुठल्या शहरात बसणार, हे वहीत उतरवून ठेवा. लवाद मुंबईला किंवा बेंगळुरूला असेल तर नुसत्या जाण्यायेण्याचाही खर्च धरावा लागतो.

मग नाव पुसायला घ्या. बोर्ड सगळ्यांना आठवतो. राहून जातात ते बिलाचा मथळा, मेनू कार्ड, कप, पिशव्या, दुकानात कामाला असलेल्या पोरांचे टी-शर्ट, डिलिव्हरीच्या स्कूटरवरची पेटी, गूगल मॅप्स, स्विगी-झोमॅटोवरचं नाव, व्हॉट्सॲपचा फोटो आणि चवथीला नाक्यावर लावलेला शुभेच्छांचा बॅनर. करारात असेल तर भिंतींचा रंगही बदलावा लागतो. जुन्या नावाशी उच्चारात जुळणारं नवीन नाव अजिबात ठेवू नका. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २९खाली तेही उल्लंघन ठरू शकतं, आणि कलम १३५खाली कोर्ट मनाई हुकुमाबरोबर नुकसानभरपाई किंवा त्यातून झालेला नफाही द्यायला लावू शकतं. प्रत्येक गोष्ट काढताना तारखेसह फोटो घ्या.

उरलेले छापील कप स्वस्तात विकून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. कंपनीच्या माणसासमोर माल मोजा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या, आणि परत द्यायचा की नष्ट करायचा हे लेखी ठरवा.

पैशाचा हिशेब शेवटच्या तारखेपर्यंतचा करा : रॉयल्टी, जाहिरातीचा वाटा, मालाची बिलं, कापलेला टीडीएस. कंपनीकडून खातेउतारा मागवून आपल्या वहीशी ताडून बघा. दंडाचा मोठा आकडा पुढे आला तर घाबरून लगेच चेक फाडू नका. करार कायद्याच्या कलम ७४प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. सगळं मिटलं की ‘काही येणे बाकी नाही’ असं पत्र घ्या.

आता ज्या कलमाची सगळ्यांना धास्ती असते ते. ‘करार संपल्यावर दोन वर्षं, पाच किलोमीटरच्या आत असाच धंदा करायचा नाही.’ फोंड्यातून पाच किलोमीटर म्हणजे कुर्टी, बांदोडा, फर्मागुडी सगळं आलं. मग माणसानं जायचं कुठे? करार कायद्याचं कलम २७ धंदा रोखणारा करार रद्दबातल मानतं. करार चालू असतानाचं बंधन सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला खटल्यात मान्य केलं होतं, पण करार संपल्यानंतरचं बंधन कोर्टं सहसा टिकू देत नाहीत. म्हणून तुम्ही स्वतःच्या नावाने आइस्क्रीम विकू शकता. त्यांची पाककृती, मॅन्युअल, सॉफ्टवेअरचं लॉगिन मात्र परत करायचं, कारण गुपित पाळायची जबाबदारी पुढेही राहते. गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी कुणाची, हेही करारात बघा. माझ्या मते जास्त माणसं इथेच घसरतात. जुन्याच यादीवर नव्या दुकानाचा मेसेज जातो आणि तोच पुरावा होतो. नवीन दुकानाआधी वकिलाला एकदा करार दाखवाच.

सरकारी कागद राहिले. त्याच गाळ्यात स्वतःचा धंदा चालू ठेवणार असाल तर जीएसटी रद्द करू नका. व्यापारी नाव बदलायचा अर्ज १५ दिवसांत करा. धंदाच बंद करत असाल तर नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. अन्न परवाना आणि नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा व्यापार परवाना, दोन्हींवरचं नाव तपासा. कामगारांचा हिशेब चुकता करा. गाळ्याचा भाडेकरार कंपनीच्या नावावर आहे का, हेही बघून घ्या.

आमच्या नोटिशीला उत्तर देताना मथळा बदलल्यावरचं पहिलं बिल आणि बोर्ड उतरवतानाचे फोटो जोडले. डिपॉझिटमधून थोडी रक्कम कापली गेली, बाकी खात्यात जमा झाली. ती फाइल अजून कपाटात ठेवली आहे.