सही असलेली लिमिटेड एडिशन प्रिंट घेताय? आधी खालची मार्जिन बघा

दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या विमानांची प्रिंट समोर आली की नजर विमानावरच जाते, साहजिकच आहे, पण जास्तीचे पैसे आपण मोजतो ते खालच्या पांढऱ्या पट्टीसाठी. चित्रकाराची पेन्सिलीतली सही, नंबर आणि नशीब असेल तर त्या लढाईत उडालेल्या पायलटची सही, सगळं तिथेच असतं.

भिंग घ्या आणि प्रिंट तिरप्या उजेडात धरा. खऱ्या पेन्सिलीची रेघ जराशी चकाकते, कागद तिथे किंचित दबलेला असतो. छापलेल्या सहीत बरेचदा बारीक ठिपके दिसतात. चित्रात ठिपके दिसले तर घाबरू नका, ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रावर छापलेल्या प्रिंटमध्ये ते असणारच.

११२/८५० म्हणजे ८५० पैकी ११२वी प्रत. ऑफसेटमध्ये लहान नंबर म्हणजे छपाई सरस असं काही नसतं, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. मार्जिनमध्ये चित्रकाराने हाताने छोटं चित्र काढलेलं असेल, ज्याला रिमार्क म्हणतात, तर मात्र जास्त किंमत रास्त आहे.

पायलटची सही असेल तर तारखा जुळवाच. ४ जून १९४२ ला अमेरिका-जपानमधल्या मिडवेच्या लढाईत एंटरप्राइज या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) घेऊन गेलेले वेड मॅक्लस्की १९७६ मध्ये वारले, डिक बेस्ट २००१ मध्ये. मग २००५ साली छापलेल्या प्रिंटवर बेस्टची सही कशी आली हे विचारायलाच हवं. कधी जुन्या कागदावरची सही कापून माउंटमध्ये, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवतात, त्यात गैर काही नाही, पण विकणाऱ्याने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

चित्रही तपासा. अमेरिकन विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढून टाकला, जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. मिडवेवरच्या डॉन्टलेसला (अमेरिकन डाइव्ह बॉम्बर) तो ठिपका दिसला तर चित्रकाराचा अभ्यास कच्चा, मी तरी अशी प्रिंट घेणार नाही.

फ्रेमवाल्याला आधीच बजावून ठेवा की मार्जिन कापायची नाही, प्रिंट पुठ्ठ्याला चिकटवायची नाही, माउंट ॲसिड-फ्री हवा आणि त्याची खिडकी, म्हणजे मधली कापलेली जागा, इतकी मोठी की सह्या आणि नंबर पूर्ण दिसतील. काच यूव्ही अडवणारी घ्या आणि प्रिंटला टेकू देऊ नका, तरीही थेट ऊन नकोच. प्रिंटसोबत मिळणारं अस्सलपणाचं सर्टिफिकेट फ्रेममागे चिकटवू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यावरचा नंबर प्रिंटशी जुळतोय ना ते पैसे देण्याआधीच बघा.