बीआरसीए-१चं मिथायलेशन मोजायला बसण्याआधी

अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस (वेगाने वाढणाऱ्या) कर्करोगात बीआरसीए-१ हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक दोन वाटांनी बंद पडतं. एक म्हणजे उत्परिवर्तन. दुसरीत डीएनएचा क्रम जसाच्या तसा राहतो, पण प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर, मिथाइल गट चढतात; हेच मिथायलेशन. २०११ साली टीसीजीए (द कॅन्सर जीनोम अॅटलस) या प्रकल्पाने तपासलेल्या ४८९ गाठींत ही दुसरी वाट सुमारे ११ टक्क्यांत सापडली. बीआरसीए-२ मिथायलेशनने क्वचितच बंद होतं, त्यामुळे सुरुवात तिथून करू नका.

नवखे अडकतात ते डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करण्याच्या पायरीवर. तिच्यात मिथाइल नसलेल्या सायटोसिनचं (सी) युरॅसिल होतं आणि ते सीक्वेन्समध्ये टी म्हणून वाचलं जातं; मिथाइल असलेलं तसंच राहतं. २०० ते ५०० नॅनोग्रॅम डीएनए घ्या. प्रथिनं उरली किंवा धागे नीट सुटे झाले नाहीत, तर रूपांतर अर्धवट होतं आणि नसलेलं मिथायलेशन दिसतं. म्हणून सीक्वेन्स आल्यावर आधी सीपीजीबाहेरचे, म्हणजे ज्यांच्या पुढे जी नाही असे, सी पाहा, ते सगळे टी झालेले हवेत. रूपांतरित डीएनए एकधागी असतो. म्हणून नॅनोड्रॉपवर (डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) आरएनएची सेटिंग लावा. जेलवर काही दिसलं नाही तर घाबरू नका, जेल थोडा वेळ बर्फावर ठेवून पुन्हा पाहा. पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवताना चुका तपासणारा प्रूफरीडिंग पॉलिमरेज युरॅसिलवर अडतो, तेव्हा हॉट-स्टार्ट टॅक हा पॉलिमरेज वापरा. पॅराफिन ब्लॉकमधला (मेणात जपलेल्या ऊतीतला) डीएनए तुटलेला असतो, त्यामुळे पीसीआरचा तुकडा १५० बेसच्या आत ठेवा. पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे मिथायलेशन नक्की असलेला नमुना म्हणून, ओव्हकार-८ या कर्करोग-पेशी चालतात.

खरी कसोटी आकडा वाचताना लागते. समजा ४३ टक्के आलं. 'अर्धवट मिथायलेशन' असं लिहून मोकळं होऊ नका. नमुन्यात ६० टक्के पेशी गाठीच्या असतील, त्यांच्यात बीआरसीए-१ची एकच प्रत उरली असेल आणि तीही मिथायलेटेड असेल, तर निरोगी पेशींच्या दोन-दोन प्रती मिसळून हिशेब असा: ०.६ ÷ (०.६ + ०.८), म्हणजे ४३ टक्केच. याचा अर्थ गाठीत जनुक पूर्ण बंद आहे. गाठीत दोन प्रती असत्या, तर पूर्ण बंद असताना ६० टक्के आलं असतं. पेशींचं प्रमाण आणि प्रतींची संख्या हाताशी नसेल, तर निष्कर्ष लिहू नका.

हा भेद औषधालाही लागू आहे: पार्प इनहिबिटर या कर्करोगावरच्या औषधांना प्रतिसाद मिळायला बीआरसीए-१च्या सगळ्या प्रती बंद असाव्या लागतात. केमोनंतर एखाद्या प्रतीवरचं मिथायलेशन निघूनही जातं. तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेच्या जुन्या ब्लॉकवर विसंबू नका, शक्य असेल तर उलटलेल्या गाठीचा ताजा नमुना मागा.