कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जायचंय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचं (पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजचं) नाव अजूनही जरा दबक्या आवाजात घेतलं जातं. तसं घेण्याचं काहीही कारण नाही. यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्सफरच्या (दुसरीकडे शिकून थेट तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांच्या) जागा भरताना राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य मिळतं, आणि इथल्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटची (कोर्स मोजण्याच्या मापाची) फी 46 डॉलर पडते. मुलं अडकतात ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. चुकीचे कोर्स घेतले जातात, नाहीतर योग्य कोर्स उशिरा घेतले जातात.

'60 युनिट झाले की झालं'

सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवायला 60 सेमिस्टर युनिट, म्हणजे क्वार्टर पद्धतीत 90, लागतात हे खरं. पण युनिट मान्य होणं वेगळं आणि तो कोर्स तुमच्या मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, धरला जाणं वेगळं.

"काकू, फिजिक्स तर झालं माझं, बी आलाय," असं ओळखीतला एक मुलगा मला सांगत होता. त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचं होतं. ट्रान्स्क्रिप्ट उघडली, तर त्याने घेतलेलं फिजिक्स अल्जिब्रावर आधारलेलं निघालं. बहुतेक कॉलेजांत फिजिक्सच्या अशा दोन मालिका असतात. क्युपर्टिनोच्या डी अँझामध्ये 2ए, 2बी, 2सी ही एक आणि 4ए ते 4डी ही कॅल्क्युलसवाली दुसरी. युनिट दोन्हींचे मिळतात, इंजिनीअरिंगला मात्र दुसरीच लागते. त्या मुलाला सगळी मालिका नव्याने घ्यावी लागली.

म्हणून पहिल्या सेमिस्टरची नावनोंदणी करण्याआधी असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. तुमचं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स दिसतो आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा. उजवीकडे दोन कोर्स 'अँड'ने जोडलेले असतील तर दोन्ही पूर्ण करावे लागतात, एकावर भागत नाही. 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं असेल तर त्याच्या बदल्यात चालणारा कोर्स तुमच्या कॉलेजात नाही. शेजारच्या कॉलेजात मिळतो का ते काउन्सेलरला विचारा. मात्र कॅल्क्युलससारखी मालिका अर्धी एका कॉलेजात, अर्धी दुसऱ्या कॉलेजात करू नका, कारण दोन ठिकाणी धडे वेगळ्या क्रमाने असतात आणि मधला भाग सुटून जातो.

तीन-चार युनिव्हर्सिट्यांचे तक्ते शेजारी ठेवा. बर्कलीला लागणारा कोर्स डेव्हिसला लागेलच असं नाही.

आधी जनरल एज्युकेशन, मग मेजर?

2025 च्या फॉलपासून नव्या मुलांसाठी जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे मेजरबाहेरच्या सर्वसाधारण विषयांच्या, आयगेट्सी या जुन्या संचाच्या जागी कॅल-गेट्सी आलं. साहित्य, समाजशास्त्र असल्या मेजरना ते आधी पूर्ण करणं सोयीचं आहे. इंजिनीअरिंग आणि विज्ञानाला तेच अंगाशी येतं. तिथे गणिताची साखळी लांब असते, एक कोर्स झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही आणि फिजिक्सही कॅल्क्युलससाठी अडून राहतं. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात असेल तर तीन वर्षं धरूनच चला. त्यात कमीपणा काहीच नाही.

'दुसऱ्या वर्षी बघू'

दुसरं वर्ष सुरू होतं तेव्हाच अर्जाची वेळ येते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. तिला टॅग म्हणतात. तो अर्ज सप्टेंबरमध्येच भरायचा, आणि एकाच कॅम्पससाठी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला ही सोय नाही. यूसीचा मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. म्हणजे युनिव्हर्सिटीसमोर तुमचे पहिल्या वर्षाचे आणि फार तर उन्हाळ्यातले ग्रेड असतात. जानेवारीत ताजे ग्रेड कळवण्याचा एक फॉर्म येतो. अर्ज भरून निवांत झालेली मुलं तो विसरतात आणि मग अर्ज तिथेच अडतो.

जुने कोर्स लपवणं

दहावीच्या सुट्टीत मुलाने कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स घेतला, सी आला, आणि आईबाबा म्हणतात, "ते कशाला लिहायचं?" लिहायचंच. तो कॉलेजचा कायमचा रेकॉर्ड असतो. पुण्यात एफवायबीएससी करून इथे आलेल्यांनाही हेच लागू आहे. मान्यता मिळो न मिळो, शिकलेलं प्रत्येक कॉलेज अर्जात दाखवावं लागतं. नंतर उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर

दर सेमिस्टरला 12 युनिट हवेत, आणि त्यात पूर्ण ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. कोर्स सोडायचा झाला तर आधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारा, मग सोडा. युनिव्हर्सिटी ठरली की सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) तिकडे पाठवायला तुम्हीच सांगायचं असतं.

चूक होऊन गेली असेल तर

डी किंवा एफ आला असेल तर कोर्स पुन्हा घेता येतो. सी आला असेल तर साधारणपणे नाही. म्हणून गाडी घसरतेय असं दिसलं तर 'डब्ल्यू' (ग्रेड न घेता कोर्स सोडल्याची नोंद) घेण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर पाहून ठेवा. अर्ज गेल्यावर एखादा कोर्स सोडावा लागला किंवा बदलावा लागला तर युनिव्हर्सिटीला लगेच कळवा. मेजरचा कोर्स राहून गेला असेल आणि तो उन्हाळ्यात उरकायचा विचार असेल, तर आधी त्या कॅम्पसला विचारा. फॉलच्या प्रवेशासाठी लागणारे कोर्स सहसा स्प्रिंगअखेर पूर्ण व्हावे लागतात.