आपटलेल्या सीक्वेलची समीक्षा कशी वाचावी

भुताखेतांशी, सैतानाशी नातं असलेले सुपरहिरो मला मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाला लोक नुसता आकडा बघून निकालात काढतात, तेव्हा वाईट वाटतं. उदाहरणाला 'घोस्ट रायडर: स्पिरिट ऑफ व्हेंजन्स' घेऊ. त्याचा नायक सैतानाच्या शापामुळे जळत्या कवटीचा मोटारसायकलस्वार, म्हणजे 'रायडर', होतो. 2012 च्या फेब्रुवारीत तो अमेरिकेत लागला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर 20 टक्क्यांच्याही आत.

आधी हा आकडा नीट समजून घ्या. 20 टक्के म्हणजे शंभरपैकी वीस गुण नव्हेत. शंभरातल्या वीस समीक्षकांना सिनेमा एकंदरीत बरा वाटला, एवढंच. 'थोडक्यात हुकला' म्हणणारा आणि 'उठून जावंसं वाटलं' म्हणणारा, दोघांची गणती एकाच रकान्यात होते. मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी साइट मात्र प्रत्येक समीक्षेचे गुण धरून सरासरी काढतं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघा. सिनेमास्कोर या प्रेक्षक-पाहणीची श्रेणी येते ती सुरुवातीलाच तिकीट काढून गेलेल्या प्रेक्षकांकडून. एवढ्या हौसेने गेलेला माणूस सहसा सढळ हाताने गुण देतो. इथे त्यानेही सी प्लस ही बेताचीच श्रेणी दिली, म्हणजे नुसते समीक्षकच नाक मुरडत होते असं नाही.

आता दोन-तीन समीक्षा पूर्ण वाचा, आणि त्यातली एक तरी सिनेमा आवडलेल्याची असू द्या. 'भंगार', 'भन्नाट' असली विशेषणं गाळा. तक्रार नेमकी कशाची आहे ते शोधा: पटकथा, दृश्यं की अभिनय? या सिनेमात बहुतेकांचं बोट पटकथेवर होतं. शिवाय कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं कमी-जास्त जमलेली आणि नायक झालेल्या निकोलस केजचा वेडेपणा आता सवयीचा झालेला, असाही सूर होता.

'पहिल्याची सर नाही' हे वाक्य दिसलं की थांबा. 2007 च्या पहिल्या भागालाही समीक्षकांनी काही डोक्यावर घेतलं नव्हतं. त्याचा खर्च सुमारे 11 कोटी डॉलर होता, दुसऱ्याचा जेमतेम निम्मा. दिग्दर्शकही बदलले होते. 'क्रँक' या ॲक्शनपटाचे मार्क नेव्हलडाइन आणि ब्रायन टेलर आले होते, आणि नेव्हलडाइन तर रोलरब्लेडवर घसरत हातात कॅमेरा धरून शूट करणारा माणूस. अशांकडून नीटनेटक्या सिनेमाची अपेक्षा धरून लिहिलेली समीक्षा आपल्या फारशी उपयोगाची नाही.

मग एखादा प्रसंग स्वतः तपासा. मी खाणीतला घेतो. पहिल्या भागात रायडरची कवटी स्वच्छ, पांढरी होती. इथे ती जळून काळी पडली आहे आणि अंगावरच्या लेदर जॅकेटला तापलेल्या डांबरासारखे बुडबुडे येतात. तो खाणीतल्या अजस्र यंत्राचा ताबा घेतो आणि ते अख्खं यंत्रच पेट घेतं. शापित माणूस ज्याला हात लावेल तेही शापित होतं, हे इथे एकाही संवादाशिवाय कळतं. मला हे फार आवडतं, आणि केजने रायडरही स्वतःच साकारल्यामुळे त्या कवटीला एक विचित्र डौल आला आहे.

आपलं मत बाकीच्या समीक्षा वाचण्याआधीच दोन ओळींत लिहून ठेवा. नंतर लिहिलं तर शब्द त्यांचेच येतात. माझ्या दोन ओळी अशा: मुलाला सैतानापासून वाचवण्याची गोष्ट पातळ आहे, तिथे समीक्षकांचं बरोबर. पण रायडर पडद्यावर असतो तोवर नजर हलत नाही, आणि हे फार थोड्यांनी लिहिलं.