पावसात पन्हाळा ते पावनखिंड: आधी पायांचं बघा

जुलै लागला की फोन सुरू होतात. "पावनखिंड करायची म्हणतोय, जॅकेट कुठलं घेऊ?" कुठलंही घ्या, भिजणारच आहात. ही चाल ५० किलोमीटरच्या आसपासची, दोन दिवसांची. माणसं ती दम संपला म्हणून सोडत नाहीत, पाय सोलले म्हणून सोडतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तालमीतला गडी होतो, दम भरपूर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरेपाणी गावाच्या अलीकडं दुधाच्या गाडीत कॅनच्या शेजारी बसून परत आलो. त्यानंतर सहा वेळा पुरी केली.

तारीख

१२-१३ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आताची पावनखिंड, अडवून धरली. त्यामुळं त्याच तारखांना शेकडो माणसं या वाटेवर असतात. भावना मान्य. पण वाटेचा चिखलगुट्टा झालेला असतो आणि वाडीतलं एकही घर रिकामं मिळत नाही. पंधरा दिवसांनी जा. पाऊस तेवढाच असतो, खिंडही तिथंच असते.

पावसाचा अंदाज शहरात बसून बांधू नका. कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्याला पाच हजारांच्या वर. रंकाळा तळ्यावर ऊन पडलंय म्हणजे पश्चिमेला उघडलंय असं काही नसतं. मी दोनच गोष्टी बघतो. एक, हवामान खात्याचा इशारा. रेड असेल तर विषय संपला. दुसरी, कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. कासारी नदी याच डोंगरात, गजापूरच्या बाजूला उगवते आणि पुढं पंचगंगेला मिळते, म्हणजे तुमच्या वाटेवर काय चाललंय ते बंधाऱ्यावर दिसतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ३५ ला असून चढती असेल तरी मी बेत पुढं ढकलतो.

मुक्काम

पन्हाळ्यावरून सकाळी सातला निघालात तर पहिला मुक्काम करपेवाडीला पडतो. तिथं किंवा आसपासच्या वाडीत घरगुती सोय होते. आधी फोन करून माणसं किती, जेवण किती, पैसे किती हे पक्कं करा. ऐन रोपलावणीचे दिवस असतात. घरातल्या बायका दिवसभर चिखलात वाकून आलेल्या असतात, त्यांना रात्री नऊला "मावशी, अजून चार जण वाढले" म्हणून सांगू नका. दिवेलागणीच्या आत पोचा. भाकरी, आमटी, खर्डा आणि भात मिळतो, आणि त्या दिवशी त्याच्यापुढं तांबडा-पांढरा रस्साही फिका वाटतो.

पिशवी

सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. वरून घालायच्या रेनकव्हरवर माझा विश्वास नाही, पाठीकडून पाणी शिरतंच. एक कोरडा कपड्यांचा जोड, बॅटरी, शिट्टी, फुटाणे-गूळ, औषधं. बस्स.

पाय

आता मुद्द्याचं. पहिला खोटा सल्ला म्हणजे वॉटरप्रूफ बूट. या वाटेवर घोट्याच्या वर पाणी असलेले ओढे आणि भातखाचरं दिवसातून वीस वेळा लागतात. पाणी बुटात वरून शिरतं, आणि बूट वॉटरप्रूफ असला की ते बाहेर जात नाही. मग दिवसभर दोन बादल्या पायात घालून चाला. जाळीचं कापड असलेला, तळाला खोल खाचा असलेला हलका बूट घ्या. पाणी आत येईल आणि दहा पावलांत निघून जाईल. नवा नको, निदान महिनाभर वापरलेला हवा. कोल्हापुरीचा तर विचारही करू नका, आपल्याकडं जूनमध्येच ती माळ्यावर जाते.

निघायच्या आधी एक परीक्षा घ्या. बूट-मोजे नळाखाली भिजवा आणि तसेच घालून रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा. लोक बघतील, बघू देत. कुठं घासतंय ते घरी कळलेलं बरं. नखं चार दिवस आधी कापा. आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात.

मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि चोळामोळा होऊन टाचेखाली गोळा होतं. पातळ सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या. तीन जोड: दोन चालायचे, एक रात्रीचा. रात्रीचा जोड दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवायचा. करपेवाडी येईपर्यंत त्या गाठीला हात लावायचा नाही.

सकाळी बूट घालण्याआधी टाच, बोटांच्या फटी आणि अंगठ्याच्या बाजूला व्हॅसलीन चोळा, भरपूर. पाण्यात भिजून कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि मऊ कातडीच सोलते. दर दोन तासांनी बूट काढा, मोजे पिळा, पाच मिनिटं पाय उघडे ठेवा. बरोबरचे कंटाळतील, "काय बायकी नखरे" म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्या दिवशी तेच मागं लंगडत असतात.

फोड येण्याआधी ती जागा हुळहुळते. हुळहुळलं की तिथंच थांबा. पुढच्या वाडीत, पुढच्या झाडाखाली असं करू नका. पाय पुसून कोरडा करा आणि कापडी चिकटपट्टी लावा. ओल्या कातडीवर ती चिकटत नाही. फोड आलाच असेल तर फोडू नका. भातखाचराच्या पाण्यात उंदरांचं, जनावरांचं मूत मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उघड्या जखमेतून आत जातात. पायाला आधीच चीर-भेग असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधाची गोळी असते. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर भातखाचरातून चाललो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

खरी गोष्ट रात्रीची. घरात पाऊल टाकलं की चहाच्या आधी पाय. स्वच्छ पाण्यानं धुवा, बोटांच्या फटी पुसा, अर्धा तास पाय उघडे ठेवून बसा. मग पावडर, मग तो गाठ मारलेला कोरडा जोड. रात्रभर पाय कोरडे राहिले तर कातडी पुन्हा घट्ट होते. हे आठ तास मिळाले नाहीत तर दुसरा दिवस मिळत नाही.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. त्यासाठी घरून जुने अंक प्लास्टिकमध्ये बांधून न्या. दोन तासांनी बोळे बदला, झोपताना पुन्हा बदला. बूट कोरडे होणार नाहीत, पण निथळणारे ओलसर होतील, तेवढं पुरतं. चुलीजवळ ठेवायचे नाहीत. पहिल्या खेपेला मी ठेवले होते. त्या घरातली आजी म्हणाली, "आरं, भाकरी हाय व्हय ती, भाजाय ठिवलीयास?" मी हसलो आणि ठेवलेच. उष्णतेनं तळाचा डिंक सुटला. सकाळी तासाभरात डाव्या बुटाचा तळ मगरीच्या जबड्यासारखा उघडला. सुतळी बांधून चाललो, सुतळीनं पाय कापला, आणि पुढची दुधाच्या गाडीची गोष्ट सांगितलीच आहे.

आणि सकाळ. बाहेर पाऊस, पायात ऊबदार कोरडे मोजे, समोर कालचे गार ओले मोजे. इथं निम्मी माणसं फसतात. "आजचाच दिवस तर आहे" म्हणून कोरडे मोजे बुटात घालतात. पहिल्या ओढ्यात ते भिजतात आणि मग अडीनडीला तुमच्याकडं काहीच उरत नाही. कोरडे काढा, पिशवीत घाला, गाठ मारा. ओले घाला. दोन मिनिटं शिव्या सुचतात, मग पाय गरम होतात.

वाट

पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेनं उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी. दुसऱ्या दिवशी पाटेवाडी, पांढरेपाणी, पावनखिंड. चुकायची जागा एकच, पठार. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि जांभ्याच्या सपाटीवर सगळ्या दिशा सारख्याच. पहिल्यांदा जात असाल तर गावातला माणूस बरोबर घ्या. एका मागोमाग चाला, पुढच्याची पाठ नजरेआड होऊ देऊ नका.

ओढा गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर थांबा. पाऊस जरा ओसरला की तास-दोन तासांत पाणी उतरतं. भाताच्या बांधावरून सांभाळून चाला. बांध फुटला तर कुणाची तरी लावण वाहून जाते.

दुसऱ्या दिवशी रानात जळवा लागतात. ओढून काढू नका, मीठही टाकू नका. नखानं तोंडाची बाजू हळूच सरकवली की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. कापूस दाबून धरा, घाबरू नका.

परतीची गाडी

खिंडीपाशी एसटीची वाट बघत भिजत बसू नका, गाडी आधीच ठरवून ठेवा. चपला आणि टॉवेल गाडीवाल्याकडं निघतानाच देऊन ठेवा. सीटवर टाकायला दोन पोती पण द्या, नाहीतर मलकापूर येईपर्यंत त्याचं तोंड ऐकावं लागतं.