साखरेचा हत्ती सोंडेतच का मोडतो? सणाचा खाऊ घरी करताना या चुका टाळा

गौरी हुण्णिमेला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, आमच्या बेळगाव भागात ताटं साखरेच्या चित्रांनी, म्हणजे साच्यात पाक ओतून केलेल्या आकृत्यांनी, भरतात. हत्ती, मोर, घोडे, तुळशीवृंदावन, सगळं पांढरंशुभ्र. मूळ चाल कन्नड घरांतली, सक्करे आरतीची, म्हणजे या साखरेच्या चित्रांनी गौरीला ओवाळण्याची. पण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मराठी घरांतही लाकडी साचे हमखास सापडतात. माझे साचे सासूबाईंचे आहेत, त्या हुक्केरीकडच्या. पहिल्या वर्षी मी पाक चढवला आणि साचे हातात घेतले, तेव्हा त्यांनी गॅसच बंद केला. "अगं, साचा कोरडाय की तुझा! पाण्यात बुडव आदी, मग पाक चढव."

तो हत्ती त्या वर्षी सोंडेशिवायच गौरीपुढे गेला. तेव्हापासून दरवर्षी चित्रं करते, पंचमीचे लाडू करते, नाताळात शेजारी ताट पाठवते. जवळजवळ प्रत्येक फसगत तीनच ठिकाणी होते असं माझं मत झालंय: पाक, हवा आणि डबा भरण्याची घाई.

साखरेची चित्रं: कोरडा साचा आणि जास्तीचं लिंबू

लाकडी साचा किमान दोन-तीन तास पाण्यात बुडालेला हवा, रात्रभर ठेवला तर उत्तम. कोरडं लाकूड पाकातलं पाणी शोषतं, साखर नक्षीत घट्ट बसते आणि काढताना आधी बारीक भाग तुटतो. सोंड, मोराचा तुरा, घोड्याचा कान. बऱ्याच जणी यावर उपाय म्हणून साच्याला तेल लावतात. लावू नका. चित्रावर पिवळट डाग पडतात आणि पुढच्या वर्षी लाकडाला खवट वास येतो. भिजलेल्या साच्यातलं पाणी झटकायचं, दोन्ही भाग जुळवून दोऱ्याने किंवा रबराने घट्ट बांधायचे, एवढंच.

आता पाक. एक किलो साखरेला साधारण ३०० मिली पाणी पुरतं. उकळी आली की चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची. इथवर सगळ्यांचं जमतं. पुढे लिंबाशी गाठ पडते. "पाकात लिंबू पिळा म्हणजे साखर होत नाही" हे आपण गुलाबजामच्या वेळी शिकलेलो असतो, आणि ते खरंच आहे. आंबटामुळे उकळत्या पाकातल्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो, आणि ही दोघं स्फटिक बनू देत नाहीत. पण इथे तर आपल्याला स्फटिकच हवेत! साखरेचं चित्र म्हणजे ठरवून, बारीक कणांत धरलेली साखरच की. लिंबू जास्त झालं तर तासाभराने साचा उघडला तरी आत चिकट लगदा निघतो. पांढरेपणासाठी दोन थेंब चालतात, अर्धं लिंबू नाही.

पाक दोनतारीच्या पुढे गेला, थंड पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी वळू लागली की उतरवायचा. मग सगळा पाक एकदम घोटू नका. एका लहान पातेलीत डावभर पाक घ्यायचा आणि लाकडी चमच्याने घोटायचा. आधी तो काचेसारखा नितळ असतो, मग कडेने दुधाळ होतो, आणि अचानक सगळाच पांढरा पडतो. दुधाळ झाला की लगेच ओता. त्याआधी ओतला तर चित्र धरत नाही, नंतर ओतला तर दाट पाक सोंडेच्या टोकापर्यंत पोचतच नाही. सोंड मोडण्याचं हे दुसरं कारण, आणि खरं सांगायचं तर कोरड्या साच्यापेक्षा जास्त वेळा घडणारं. ओतल्यावर साचा ओट्यावर दोनदा हलका आपटा, म्हणजे आतली हवा वर येते.

पातेलीतच साखर धरली तर घाबरू नका. दोन चमचे पाणी घालून पुन्हा वितळवा, पुन्हा घोटा. तुटलेली चित्रंही अशीच वितळवता येतात. मात्र चार-पाच वेळा तापवलेली साखर पिवळट पडते, तिचा चहाच बरा. सोंड एकट्यानेच तुटली असेल तर तुटलेल्या तोंडाला दाट गरम पाकाचा थेंब लावून दहा सेकंद धरून ठेवा, जुळते.

साचा दहा-पंधरा मिनिटांनी उघडायचा. सुरी घालून उचकटायचा नाही; एक बाजू धरून दुसरी अलगद सोडवायची. काम झालं की साचे गरम पाण्याने धुवा, साबण नको, आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की लाकूड वाकतं, मग दोन भाग जुळत नाहीत आणि पाक फटीतून गळतो.

थर्मामीटर खोटं बोलत नाही, पण आपण समुद्रकाठी राहत नाही

हल्ली स्वयंपाकाचा थर्मामीटर सहज मिळतो आणि पाककृतीत आकडा लिहिलेला असतो: मऊ गोळीचा पाक ११२ ते ११६ अंश, चिक्कीचा कडक पाक १४६ च्या पुढे. माझ्या भाचीने असाच आकडा धरून वडी केली आणि ती थापताना भुगा झाली. "मावशी, मी तर अगदी ११६ लाच उतरवला गं!" तिचं काही चुकलं नव्हतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथे पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. त्यामुळे तोच घट्टपणा पाकाला इथे दोन-अडीच अंश आधीच येतो. मुंबई-गोव्याचा आकडा गाठेपर्यंत आपला पाक पुढे गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर किती दाखवतो ते बघा. शंभरापेक्षा जेवढं कमी, तेवढं प्रत्येक आकड्यातून वजा करा. थर्मामीटरच चुकीचा असला तरी ती चूकसुद्धा यात धुऊन निघते. बुडवताना टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका.

थर्मामीटर नसेल तर थंड पाण्याची वाटी घ्या. थेंब पसरला तर अजून वेळ आहे. बोटात मऊ गोळी आली तर वडी-लाडवाचा पाक. गोळी वाटीवर आपटल्यावर टणक वाजली तर त्याच्या पुढचा. आणि कट्कन तुटली तर चिक्कीचा. पण ही परीक्षा करताना गॅस चालूच ठेवणं ही फार मोठी चूक. तुम्ही वाटीत गोळी शोधत असता, तेवढ्यात पातेल्यातला पाक पुढच्या पायरीवर गेलेला असतो. पातेलं खाली उतरवा, मग बघा.

पंचमीचा पाऊस

श्रावणातल्या पंचमीला आमच्याकडे झोके आणि लाडू. शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळ्याच्या पिठाचे, तंबिटाचे (म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाचे). माहेरवाशिणीच्या डब्यात चार तरी प्रकार जातात. त्याच वेळी खानापूरकडे तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि साखर-गूळ हवेतली ओल ओढून घेतात. संक्रांतीला खुटखुटीत झालेली चिक्की पंचमीला दुसऱ्या दिवशी दाताला चिकटते, ती कृतीची चूक नसते. पावसात पाकाचे लाडू करायचेच असतील तर दाणे-तीळ नेहमीपेक्षा जास्त भाजा, पाक थोडा पुढे न्या, आणि लाडू गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. परातीत फडक्याखाली रात्रभर ठेवू नका. भेट लांब पाठवायची असेल तर मी पाकाच्या वाटेलाच जात नाही, तूप-पिठीसाखरेचे तंबिटाचे लाडू देते.

चिक्की मऊ पडण्यामागे गुळाचाही हात असतो. आपल्या ऊसपट्ट्यात गूळ मुबलक, गुऱ्हाळाचा ताजा गूळ पोळीबरोबर खायला सुरेख. पण तो ओलसर असतो आणि त्याची चिक्की कुरकुरीत होत नाही. दुकानात चिक्कीचा गूळ म्हणून मागा. झालेली चिक्की मऊ वाटली तर तुकडे जाड बुडाच्या कढईत पुन्हा मंद आचेवर वितळवून पाक पुढे नेता येतो. दाणे थोडे जास्त भाजले जातात, पण चिक्की वाचते.

याउलट काटेरी हलवा. तो जानेवारीच्या कोरड्या थंडीतच करावा. काटा येत नाही म्हणून आच वाढवणं आणि पाक चमच्या-चमच्याने ओतणं, या दोन्ही घाईच्या चुका. मंद आच, थेंब-थेंब एकतारी पाक, आणि आधीचा पाक पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा नाही. दोन-तीन दिवस लागतात. सुनेचे हलव्याचे दागिने करायचे असतील तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुरुवात करून जमणारच नाही.

करदंट

गोकाकचं करदंट, म्हणजे सुकामेवा, गूळ आणि डिंकाची मिठाई, घरी करायचं असेल तर त्याच्या नावातच कृती आहे: कन्नडमध्ये करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक. घरच्या करदंटाचा घात हा डिंकच करतो. मोठे खडे बाहेरून फुलतात, आत कच्चे राहतात आणि दाताला धरतात. खडे आधी वाटाण्याएवढे फोडा, मध्यम गरम तुपात थोडे-थोडे टाका, आणि एक फुललेला दाणा बोटांनी चुरडून बघा. आत काचेसारखा कण लागला तर अजून तळा.

चॉकलेट: पाण्याचा एक थेंब

राखीला आणि वाढदिवसाला मुलांना साच्यातली चॉकलेटं हवी असतात. घरी बहुतेक जण कंपाऊंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं) वापरतात आणि ते योग्यच आहे. खऱ्या कोको बटरच्या चॉकलेटला ठरावीक तापमानात खेळवावं लागतं, नाहीतर वर पांढरे पट्टे येतात. पण दोन्हींचा शत्रू एकच, पाणी. खालच्या पातेल्यातली वाफ, ओला चमचा, नीट न पुसलेला साचा, एवढ्यानेही वितळलेलं चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ गोळा होतं. ते पुन्हा साच्यात ओतण्याजोगं होत नाही. फेकू नका, गरम साय घालून ढवळा, केकवर ओतायला छान सॉस होतो.

फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं पुरे, फ्रीझर नको. बाहेर काढल्यावर लगेच कागदात गुंडाळलं की वर दव धरतं आणि चॉकलेट निस्तेज होतं.

आमच्या घरात सगळ्यात आवडती भेट म्हणजे आत कुंदा, ही आमच्या बेळगावची आटवलेल्या दुधाची मिठाई, भरलेलं चॉकलेट. बाजारचा कुंदा तसाच भरला तर ओलाव्याने कवच फुटून पाझरतं. कुंदा आधी कढईत मंद आचेवर कोरडा परतून पूर्ण गार करा, सुपारीएवढ्या गोळ्या करा, मग भरा. तरीही ही दुधाची वस्तू आहे. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढे नाही, आणि भेट देताना हे तोंडाने सांगायचं.

काजूची फळं, नाताळचे कुलकुल

काजूच्या पिठाचे छोटे आंबे-पेरू करताना मिक्सर सलग फिरवू नका. काजूला तेल सुटतं आणि फळं तेलकट, मऊ होतात. थांबत-थांबत फिरवा, मग चाळा. रंगासाठी बिटाचा रस थेट घातला तर पाणी वाढतं, शिजताना तो तपकिरीही पडतो. आटवून घ्या आणि शेवटी मळताना लावा.

गोवा जवळ असल्याने नाताळात कॅम्पाकडच्या मैत्रिणींकडून कुलकुल येतात आणि मुलांना ते वळायला फार आवडतं. काट्याच्या पाठीवर पीठ दाबून गुंडाळायचं, शंखासारखा आकार येतो. मुलं मोठमोठे शंख करतात आणि मग ते आत कच्चे राहतात. बोराएवढेच करा, मध्यम आचेवर तळा. पाकात घोळवणं मोठ्या माणसाने करावं. गरम पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, तो कातडीला चिकटून राहतो.

डबा

कोमट खाऊ डब्यात भरला की झाकणाला वाफ धरते आणि चौथ्या दिवशी बुरशी. रात्री केलेलं सकाळी भरा. वर्तमानपत्र खाली घालू नका. शाई खाण्याला लागते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये तसं बजावलं आहे. डब्यात दाणे, काजू, तीळ काय-काय आहे ते चिठ्ठीवर लिहा, कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असू शकते. घरात अगदी लहान मूल असेल तर साखरेची कडक चित्रं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवायला सांगा, घशात अडकतात.

पुण्याला नणंदेकडे चित्रं रात्रीच्या बसने जातात. थर्माकोल, कागदाचे कपटे सगळं करून पाहिलं, सोंड मोडायचीच. आता डब्यात तळाला, मध्ये आणि वर चुरमुरे भरते. कोरडे, हलके, आणि हत्तीच्या पायांमधली पोकळीसुद्धा नेमकी भरतात. नणंद त्याच चुरमुऱ्यांना लसणाची फोडणी घालून भडंग करते. फक्त आधी चाळून घ्यायला विसरायचं नाही, तळाशी साखरेचा भुगा असतो.